फितुराचे अंतरंग

सॅम पेकिन्पा याच्या ‘पॅट गॅरेट अँड बिली द किड’ (१९७३) या चित्रपटात कोण कोणाला मारणार, हे रहस्य नाही. न्यू मेक्सिकोतील लिंकन परगण्याचा शेरीफ पॅट गॅरेट याने १४ जुलै १८८१च्या रात्री फोर्ट समनर येथे बिली द किड या फरारी तरुणाला गोळी घातली, हे अमेरिकेतील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पेकिन्पाने चित्रपटाचा प्रारंभ केला आहे तो मारणाऱ्याच्या मरणाने. साल १९०९. म्हातारा, चिडखोर गॅरेट घोडागाडीतून चालला आहे आणि ज्यांच्यासाठी त्याने एकेकाळी काम केले त्यांचीच माणसे त्याला गोळ्या घालतात. (प्रत्यक्षातील गॅरेट २९ फेब्रुवारी १९०८ रोजी मारला गेला. दिग्दर्शकाने एक वर्ष पुढे ढकलले आहे.) या दृश्याचे तुकडे १८८१मधील दुसऱ्या दृश्यात मिसळलेले आहेत. तेथे बिली आणि त्याचे सोबती वाळूत मानेपर्यंत पुरलेल्या कोंबड्यांची डोकी नेमबाजीने उडवीत बसले आहेत. संकलन असे की बिलीने झाडलेली गोळी अठ्ठावीस वर्षे ओलांडून गॅरेटच्या देहात शिरते. त्यानंतर तरुण गॅरेट त्या कोंबड्यांच्या खेळात येऊन सामील होतो, जुन्या मित्राबरोबर पेला भरतो आणि सांगतो की पाच दिवसांनी आपण शेरीफ होणार आहोत. तोवर हा मुलूख सोडून जा.

पाच दिवसांची ही मुदत हा या चित्रपटाचा खरा विषय आहे. पाच दिवस गॅरेट मित्र आहे, सहाव्या दिवशी तो कायदा आहे. मधल्या रात्री त्याच्या आत काय घडले, हे तो कोणालाच सांगत नाही. जेम्स कोबर्नचे थकलेले, काळ्या कपड्यांतील शरीर तेवढे दोन तास त्या न सांगितलेल्या गोष्टीचे ओझे वाहत राहते.

मराठी वाचकाजवळ या माणसासाठी एक तयार शब्द आहे: फितूर. शब्द अरबीतून फारसीमार्गे आलेला. मुळात त्याचा अर्थ शैथिल्य, ढिलेपणा, गळाठा. मराठीत येईपर्यंत तो ढिलेपणा निष्ठेचा झाला आणि शब्दाला शिवीची धार आली. रायगड १६८९मध्ये मोगलांच्या हाती गेला तो वाईच्या देशमुखीवर डोळा ठेवणाऱ्या सूर्याजी पिसाळामुळे, अशी परंपरेची धारणा. इतिहासकारांनी तिच्याविषयी शंका घेतल्या आहेत, पण त्या शंकांनी म्हणीला धक्का लागत नाही. खंडोजी खोपडे अफझलखानाला जाऊन मिळाला. कान्होजी जेध्यांच्या रदबदलीने त्याचा जीव वाचला, पण हातपाय कलम झालेच. मराठी ऐतिहासिक कल्पनाशक्तीत फितुराला नाव आहे, शिक्षा आहे, कथानकातील एक अत्यावश्यक जागा आहे. नाही तो फक्त दृष्टिकोन. कादंबरीकार त्याच्या वाड्यात शिरतात ते कटाची रात्र दाखविण्यापुरते. मशालीच्या उजेडात त्याचा चेहरा लोभाने विद्रूप झालेला असतो आणि प्रकरण संपते. कटापूर्वीच्या आणि कटानंतरच्या रात्री या माणसाला झोप कशी लागली, हा प्रश्न मराठी गद्याने अभावानेच विचारला आहे. पेकिन्पाचा चित्रपट येथील वाचकाला अस्वस्थ करतो तो या कारणाने. वेस्टर्न नावाच्या, एरवी पोरकट समजल्या जाणाऱ्या प्रकारात एका दिग्दर्शकाने फितुराला नायक केले, आणि नायक करतानाही निर्दोष केले नाही.

आता एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. गॅरेट आणि बिली हे खरोखर जिवलग होते, याला पुरावा फारसा नाही. फोर्ट समनरच्या जुगाराच्या टेबलांवरची ओळख होती, तेवढे बऱ्यापैकी निश्चित. मैत्री दाट होत गेली ती सांगण्यातून. गॅरेट नोव्हेंबर १८८०मध्ये शेरीफपदाची निवडणूक जिंकला, डिसेंबरात त्याने स्टिंकिंग स्प्रिंग्ज येथे बिलीला पकडले, २८ एप्रिल १८८१ला बिली दोन पहारेकऱ्यांना ठार करून लिंकनच्या कोर्टातून निसटला आणि जुलैत अंधाऱ्या खोलीत गोळी लागून मेला. त्या अंधाऱ्या खोलीची अडचण गॅरेटला जन्मभर पुरली. समोरासमोर लढत झाली नव्हती. लोक कुजबुजू लागले. म्हणून १८८२मध्ये गॅरेटच्या नावाने बिलीचे ‘अस्सल’ चरित्र प्रसिद्ध झाले. त्याचा बराच भाग अ‍ॅश अपसन या पत्रकार-मित्राने लिहिला. कथनमीमांसेच्या अभ्यासकाने या पुस्तकाकडे अवश्य पाहावे, कारण त्याचा पूर्वार्ध तृतीयपुरुषी, अलंकारिक आणि बऱ्याच अंशी कपोलकल्पित आहे. गॅरेट कथेत उतरला की मात्र निवेदन प्रथमपुरुषी होते. निवेदकाचा पुरुष बदलतो तो नेमका शिकार सुरू होताना. ‘तो असा होता’ येथून ‘मी त्याला असे मारले’ येथवरचा हा प्रवास व्याकरणानेच पूर्ण केला आहे. ज्याने मारले त्यानेच चरित्र लिहिले, आणि त्या चरित्रासाठी मृताचा परिचय दाट असणे सोयीचे होते. परिचय नसता तर चरित्र अस्सल कसे ठरणार?

या प्रकरणात आणखी एक लेखक आहे आणि तो गॅरेटहून मोठा आहे. न्यू मेक्सिकोचा तेव्हाचा गव्हर्नर ल्यू वॉलेस. १८७९मध्ये त्याने बिलीची भेट घेऊन साक्षीच्या बदल्यात माफीची आशा दाखविली. माफी कधी आली नाही, बिलीवर पाचशे डॉलरांचे इनाम मात्र लागले. याच वॉलेसने सांता फे येथील राज्यपालनिवासात आपली ‘बेन-हर’ ही कादंबरी पुरी केली. गॅरेट निवडून आला त्याच महिन्यात, नोव्हेंबर १८८०मध्ये, ती प्रसिद्ध झाली. तिचे कथानक काय? दोन बालमित्र. एक रोमच्या सत्तेत सामील होतो आणि दुसऱ्याला गलबतावरच्या वल्ह्यांशी जखडण्यासाठी पाठवितो. टेबलावर मित्रद्रोहाची कादंबरी आणि त्याच टेबलाच्या खणात न दिलेल्या माफीचा कागद, असे चित्र मनात येते खरे. पेकिन्पाच्या चित्रपटात वॉलेसची छोटी भूमिका जेसन रोबार्ड्‌सने केली आहे. त्या प्रसंगात बडे जमीनमालक गॅरेटसमोर पैसे ठेवू पाहतात आणि तो ते झिडकारतो. पैसे झिडकारतो, काम घेतो. हा भेद त्याला महत्त्वाचा वाटतो; चित्रपटाला तितका वाटत नाही.

सत्ता आणि सख्य यांचा हा संबंध भारतीय परंपरेला नवा नाही. महाभारतात द्रोण जुन्या गुरुबंधूकडे, द्रुपदाकडे जातो तेव्हा द्रुपद त्याला सुनावतो की राजा आणि दरिद्री यांच्यात मैत्री होत नसते. द्रोण या विधानाचे खंडन करीत नाही. तो शिष्यांकरवी द्रुपदाला बांधून आणवितो, अर्धे राज्य घेतो आणि आता आपण तुल्य झालो असे सांगतो. म्हणजे सिद्धान्त दोघांनाही मान्य आहे. सख्यासाठी साम्य हवे, आणि पद हे साम्य मोडते. गॅरेटच्या बाबतीत पदाने साम्य मोडले एवढेच नव्हे. मित्राला मारणे हीच त्या पदाची पहिली अट होती.

हाच धागा घेऊन एकोणिसाव्या शतकातल्या पुणे प्रांतात आले तर उमाजी नाईकांची कथा समोर येते, आणि ती न्यू मेक्सिकोतल्या कथेपेक्षा अधिक गुंतागुंतीची आहे. उमाजींचा जन्म १७९१चा, पुरंदर तालुक्यातील भिवडीचा. रामोशी हे पुरंदरच्या रखवालीचे वंशपरंपरागत मानकरी. पेशवाईच्या अखेरीस ते हक्क गेले, कंपनी सरकार आल्यावर ते परत मिळण्याची आशा मावळली, आणि ज्यांचे काम गडाचे रक्षण करणे त्यांच्यातलेच काही दरोडेखोर ठरले. उमाजींनी तुरुंगात असताना लिहिणे-वाचणे शिकून घेतले. १८२०च्या दशकात त्यांनी सरकारला इतके जेरीस आणले की दशकाच्या अखेरीस सरकारने माफी देऊन त्यांनाच बंदोबस्ताच्या नोकरीत घेतले. येथे क्षणभर थांबले पाहिजे, कारण या काळात उमाजी हेच गॅरेट होते. पूर्वीच्या सोबत्यांचा माग काढावा, अशी अपेक्षा त्यांच्याकडून होती. ती नोकरी टिकली नाही. ते पुन्हा बाहेर पडले, १८३१मध्ये त्यांनी इंग्रजांविरुद्ध जाहीरनामा काढला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात भोरजवळच्या उत्रोळीला पकडले गेले. पकडून देणारे काळू आणि नाना हे त्यांचे जुने साथीदार. सरकारने रोख रक्कम आणि जमीन देऊ केली होती. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात उमाजींना फाशी झाली.

या मोहिमेवर नेमलेला अधिकारी कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश याने पुढच्याच वर्षी, १८३३मध्ये, रामोशी जमातीच्या उगमाचा आणि स्थितीचा इंग्रजी वृत्तान्त प्रसिद्ध केला. उमाजींविषयी पुढे ज्यांनी ज्यांनी लिहिले त्यांना या पुस्तकाच्या दारात जावेच लागले. पाठलाग करणाराच चरित्रकार झाला आणि तो गॅरेटच्या जवळजवळ अर्धे शतक आधी झाला. पण साम्य येथेच संपते. न्यू मेक्सिकोत मित्र, शिकारी आणि लेखक ही तिन्ही पदे एकाच देहात आली. पुण्यात ती फुटली. जे मित्र होते त्या काळू-नानांनी एक ओळ लिहिली नाही. ज्याने लिहिले तो मित्र नव्हता. तो सात समुद्रापलीकडचा, जमातींची मोजदाद करणारा गोरा अंमलदार होता. आणि जो स्वतः काही काळ दोन्ही बाजूंना उभा राहिला होता, ज्याला साक्षरताही होती, तो फासावर गेला. मराठी वाङ्मयात फितुराचे अंतरंग का नाही, याचे एक उत्तर या फुटीत असावे. केवळ नैतिक सोवळेपणाकडे बोट दाखवून भागत नाही. जेथे पाठलागाची भाषा एक आणि मैत्रीची भाषा दुसरी असते, तेथे दोहोंच्या मधल्या जागेतून बोलणारा आवाज दप्तरात उतरत नाही. दप्तरात काळू आणि नाना ही दोन नावे उतरली, त्यांच्यापुढे बक्षीस उतरले. कथन उतरले नाही.

एरिक हॉब्सबॉम याने ‘बॅन्डिट्स’ (१९६९) या ग्रंथात सामाजिक दरोडेखोराच्या दंतकथेचे घटक दाखविताना विश्वासघात हा त्यातला आवश्यक घटक मानला आहे: असा वीर हरू शकत नाही, त्याला कोणी तरी पकडून द्यावाच लागतो. निरीक्षण मार्मिक आहे. पण हॉब्सबॉमची दृष्टीही दंतकथेच्या बाजूने पाहते आणि तेथून पकडून देणारा केवळ एक कार्य म्हणून दिसतो, प्रॉपच्या परीकथांतील पात्रांसारखा. बक्षीस मिळाल्यानंतर त्या माणसाला कोठे राहायचे असते? बहुधा त्याच पंचक्रोशीत. त्याच पाणवठ्यावर त्याच्या बायकोला जायचे असते. दंतकथा जेथे संपते तेथून या माणसाचे आयुष्य सुरू होते, आणि त्यासाठी दंतकथेपेक्षा गाव नावाची संस्था समजून घ्यावी लागते.

मुंबईच्या उत्तर टोकाला असलेली मनोरी हे असे एक गाव आहे. नकाशावर ती महानगरपालिकेच्या हद्दीत येते. प्रत्यक्षात मालाडहून मार्वेपर्यंत जाऊन तेथून होडीने खाडी ओलांडावी लागते, किंवा भाईंदर-उत्तनवरून लांबचा वळसा घालावा लागतो. पश्चिमेस समुद्र, दुसरीकडे तिवरांची खाडी. वस्ती मुख्यतः कोळ्यांची आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची, घरातली बोली मराठीची. वेस्टर्न चित्रपटात ज्याला सरहद्द म्हणतात ती येथे वाळवंटात नसून भरती-ओहोटीत आहे. आणि सरहद्दीवरच्या माणसांना जे एक ज्ञान असते ते येथे पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे: कायदा होडीतून येतो आणि होडीतून जातो. हा साष्टीचा मुलूख पोर्तुगीजांकडून १७३७ ते १७३९च्या मोहिमेत मराठ्यांकडे आला, १७७४मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली, पुढे मुंबई इलाखा झाला, राज्य झाले. प्रत्येक वेळी वरचा शिक्का बदलला, आणि प्रत्येक राजवटीला खालचा हुकूम बजावण्यासाठी माणसे लागली ती जवळपासचीच. ‘ईस्ट इंडियन’ हे नावही या दृष्टीने बोलके आहे. गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती नोकरदारांपासून आपण वेगळे, येथलेच, हे सरकारला कळावे म्हणून या समाजाने १८८७मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, हे नाव धारण केले. भूमिपुत्रांनी स्वतःची ओळख सांगण्यासाठी एका व्यापारी कंपनीचे नाव घ्यावे, यात उपरोध आहे. पण त्यात फितुरी पाहणे हा मूर्खपणा होईल. नोकरी हवी होती. गॅरेटलाही, चित्रपटातला गॅरेट जे सुचवितो त्यावरून, म्हातारपणी डोक्यावर छप्पर हवे होते.

१९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने या किनाऱ्यावर जे झाले असेल त्याची कल्पना करणे अवघड नाही. लग्नघरासाठी घरी दारू गाळणे हा ज्यांच्या रिवाजाचा भाग होता त्यांचे आदले वर्ष आणि पुढचे वर्ष यांत कृतीचा काहीच फरक नव्हता. फरक कलमाचा होता. चूल तीच, हंडा तोच, माणूस गुन्हेगार. अशा वेळी ज्याला झडती घ्यायची आणि ज्याच्या घराची घ्यायची, त्या दोघांना एकाच होडीने खाडी ओलांडायची असते. होडीत बसायला समोरासमोर दोन फळ्या. वीस मिनिटांच्या त्या प्रवासात दोघे कोठे पाहत असतील? पेकिन्पाच्या चित्रपटातील मूळ ताण हाच आहे, त्यातून बंदुका आणि घोडे वजा केले तर. बिली तोच आहे, तो पूर्वी करीत होता तेच करतो. मुलूख मात्र कुंपणांचा झाला आहे. पूर्वी चिझम नावाच्या बड्या गोपालकासाठी बिलीने आणि गॅरेटनेही कामे केली. आता चिझमच्या जमिनीला कायद्याची गरज आहे. फितूर कोण झाले, माणूस की मुलूख, असा प्रश्न बिली विचारू शकतो. गॅरेटजवळ त्याला द्यायला एवढेच उत्तर आहे की मुलूख म्हातारा होतो आहे आणि आपणही. हे उत्तर लोभी माणसाचे नव्हे, दमलेल्या माणसाचे आहे. फितूर या शब्दाचा जुना अरबी अर्थ येथे परत येतो: शैथिल्य.

हिंदी चित्रपटाने या प्रश्नाला हात घातला, पण आपल्या पद्धतीने. ‘गंगा जमना’त (१९६१) दरोडेखोर आणि पोलीस हे सख्खे भाऊ आहेत. ‘दीवार’मध्येही (१९७५) भाऊ, तेही मुंबईच्या गोदीत आणि पदपथावर वाढलेले. आपल्याकडे मित्राला मारता येत नाही. त्यासाठी मित्राला आधी भाऊ करावे लागते, आणि भावाला मारायचे तर आईची अनुमती लागते. ‘दीवार’मधली आई पोलीस मुलाला आशीर्वाद देऊन पाठविते आणि स्वतः देवळात दुसऱ्या मुलाची वाट पाहत बसते. ही तडजोड कथेच्या दृष्टीने अतिशय कार्यक्षम आहे. तिने मारणाऱ्याच्या हातातली बंदूक कर्तव्याची होते आणि अपराधाचा सारा भार आईच्या अश्रूंत विरून जातो. चौकटही पाहावी. ‘दीवार’चा प्रारंभ आणि शेवट पोलीस भावाच्या सत्कारसमारंभात आहे, आतली सारी कथा त्या पदकाच्या पोटात घडते. पेकिन्पाच्या चौकटीत सत्काराच्या जागी खून आहे. रक्ताचे नाते नसणे, आई नसणे, धर्मसंकटाचा शास्त्रार्थ सांगणारा कोणी सारथी नसणे ही गॅरेटची शिक्षा आहे. मैत्री हे एकमेव नाते असे की जे कोणत्याही विधीने जुळत नाही, म्हणून ते मोडल्यावर कोणताही विधी उपलब्ध नसतो. सुतक नाही, प्रायश्चित्त नाही.

मराठी कथेतून निघालेला या प्रदेशातला महत्त्वाचा चित्रपट ‘अर्धसत्य’ (१९८३). श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचे दिग्दर्शन. फौजदार वेलणकराचा छळ आतून दाखविण्यात तो थेट आहे. पण त्याच्या समोरचा रामा शेट्टी त्याचा कोणी नाही. क्रोध शक्य होतो तो परकेपणामुळे. वेलणकर आणि शेट्टी एका चाळीत वाढलेले असते तर तेंडुलकरांनी काय लिहिले असते, हा प्रश्न रिकामा असला तरी सोडवत नाही.

पेकिन्पाकडे परतले तर दोन प्रसंग या चर्चेला विशेष उपकारक आहेत आणि योगायोग असा की दोन्ही पाण्याकाठचे आहेत. पहिला म्हातारा शेरीफ बेकर याचा. हा माणूस वाळवंटी मुलखात एक होडी बांधीत बसला आहे. तिच्यात बसून या प्रदेशातून निघून जायचे, एवढीच त्याची इच्छा. गॅरेट त्याला मदतीला नेतो, तो पैसे मागतो, नाणे घेतो आणि गोळी लागून नदीकडे चालत जातो. त्याची बायको थोड्या अंतरावर बसून त्याच्याकडे पाहते. दोघांत एक शब्द नाही. दुसरा प्रसंग कथानकाला कोणत्याही प्रकारे आवश्यक नाही. गॅरेट नदीकाठी एकटा. प्रवाहातून एक तराफा, त्यावर एक कुटुंब, आणि तराफ्यावरचा माणूस पाण्यात तरंगणाऱ्या बाटलीवर नेम धरतो आहे. गॅरेटही सहज त्या बाटलीवर गोळी झाडतो. तराफ्यावरचा माणूस वळून त्याच्यावर गोळी चालवितो. दोघे एकमेकांवर बंदुका रोखतात, पाहतात, आणि मग नळ्या खाली होतात. तराफा वाहत निघून जातो. ज्याला तो ओळखत नाही त्याला न मारणे गॅरेटला शक्य आहे. मनोरीसारख्या ठिकाणी, जेथे पलीकडून येणारी प्रत्येक होडी आधी लांबून ओळखून घेतली जाते, हा प्रसंग पाहणाऱ्याला त्याचे स्पष्टीकरण मागावेसे वाटणार नाही.

शेवटच्या रात्री गॅरेट घाईत नाही. मॅक्सवेलच्या घरात बिली एका मुलीजवळ आहे, आणि गॅरेट बाहेर पडवीतल्या झोपाळ्यावर बसून ते संपण्याची वाट पाहतो. मारेकऱ्याने दाखविलेला हा अदबीचा अवकाश विलक्षण आहे. पाच दिवसांच्या मुदतीचा तो अखेरचा, काही मिनिटांचा तुकडा. मग गोळी. बिली पडतो आणि गॅरेटला आरशात स्वतःचे प्रतिबिंब दिसते. दुसरी गोळी तो त्यावर झाडतो. या प्रतिमेवर पुष्कळांनी लिहिले आहे आणि ती काहीशी ठळक आहे, हेही मान्य केले पाहिजे. तिच्यामागून येणारी कृती अधिक अर्थपूर्ण वाटते. पो नावाचा दुय्यम अधिकारी पुरावा म्हणून बिलीचे बोट कापून घेऊ पाहतो, आणि गॅरेट त्याच्यावर तुटून पडतो. मारणे चालते, मोजदाद चालत नाही. मॅकिन्टॉशचा ग्रंथ आणि काळू-नानांचे मौन यांच्यामधली सीमारेषा नेमकी येथून जाते.

चित्रपटाचेही पुढे जे झाले ते कथेला शोभणारे आहे. निर्मितीसंस्थेने तो दिग्दर्शकाच्या हातून काढून घेतला आणि १९७३मध्ये १०६ मिनिटांची आवृत्ती प्रदर्शित केली. तीत १९०९ची चौकट नव्हती. चौकट काढली की उरतो तो एका शेरीफने फरारीला मारल्याचा वृत्तान्त, म्हणजे जवळजवळ १८८२चे पुस्तक. पेकिन्पाने ही आवृत्ती आपली मानली नाही. तो १९८४मध्ये वारला. १२२ मिनिटांची जुनी प्रत १९८८मध्ये लोकांसमोर आली तेव्हा म्हातारा गॅरेट पुन्हा घोडागाडीतून निघाला, आणि त्याच्यावर गोळ्या झाडणाऱ्यांत पो होता, हे प्रेक्षकांना कळले.

मृतदेहाशेजारी रात्र काढून गॅरेट पहाटे घोड्यावर बसतो. एक लहान मुलगा त्याच्या मागे धावत येतो आणि दगड मारतो. दगड लागत नाहीत. गॅरेट वळून पाहत नाही. मुलगा थोडा वेळ तसाच उभा राहतो, मग परत वस्तीकडे जातो, जेथे इतर माणसे अजून दारांतून बाहेर आलेली नाहीत.